शेव्हालिए द जॉन्स्टन : दोन पराभव आणि एक स्मरणवृत्त

इ. स. १८२० मध्ये लंडनच्या लाँगमन ह्या प्रकाशनसंस्थेने १७४५-४६ च्या स्कॉटिश बंडासंबंधीचे एक आत्मवृत्त प्रसिद्ध केले. लेखक एडिंबरोचा, विषय ब्रिटनच्या भूमीवर झालेले युद्ध, वाचकवर्ग इंग्रजी जाणणारा. आणि तरीही हे पुस्तक भाषांतर होते. मूळ हस्तलिखित फ्रेंचमध्ये लिहिलेले असून ते पॅरिस येथील स्कॉट्स कॉलेज ह्या जुन्या कॅथलिक विद्यालयात ठेवलेले होते. लेखकाचे नाव जेम्स जॉन्स्टन. पण पुस्तकावर ते ‘शेव्हालिए द जॉन्स्टन’ ह्या फ्रेंच पदवीसह छापले गेले. एका स्कॉटिश माणसाची कैफियत त्याच्याच देशबांधवांना परभाषेतून उसनी घ्यावी लागावी, ही गोष्ट केवळ योगायोगाची नव्हे. ह्या आत्मवृत्ताचा उपयोग इतिहासकारांनी गेली दोनशे वर्षे मुख्यतः ‘काय घडले’ हे ठरविण्यासाठी केला आहे. ते कोणत्या भाषेत, कोणासाठी व कोणत्या अनुभवानंतर लिहिले गेले, ह्याचा विचार केल्यास त्यातील काही प्रसिद्ध मतांकडे निराळ्या दृष्टीने पाहावे लागते, असे मला वाटते.

प्रथम पार्श्वभूमी थोडक्यात पाहू. १६८८ च्या राज्यक्रांतीत दुसऱ्या जेम्सला सिंहासन सोडून फ्रान्समध्ये पळून जावे लागले. त्याच्या व त्याच्या वंशजांच्या पक्षपात्यांना ‘जॅकोबाईट’ असे नाव पडले. ‘जेम्स’ ह्या नावाचे लॅटिन रूप ‘याकोबुस’. आपल्याकडील ‘याकूब’ हे त्याच हिब्रू नामाचे अरबीमार्गे आलेले भावंड होय. ह्या पक्षाचे दुसरे मोठे बंड १७१५ च्या उठावानंतर तीस वर्षांनी, १७४५ च्या उन्हाळ्यात झाले. जेम्सचा नातू चार्ल्स एडवर्ड स्ट्यूअर्ट हा मूठभर सोबत्यांनिशी स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरला आणि डोंगराळ प्रदेशातील गेलिकभाषी कुळांपैकी काही त्याला येऊन मिळाली.

जॉन्स्टन हा ह्या कुळांपैकी नव्हता. तो १७१९ साली एडिंबरोत एका व्यापाऱ्याच्या घरी जन्मला. म्हणजे तो सखल प्रदेशातला शहरी माणूस. तरुणपणी तो रशियात आपल्या आप्तांकडे जाऊन आला होता आणि तेथील सैन्यात शिरण्याची त्याची इच्छा वडिलांनी मोडून काढली होती. राजपुत्र उतरल्याची वार्ता कानी येताच तो घरातून निघाला, रोलो ह्या सरदारघराण्याशी असलेल्या सोयरिकीच्या वशिल्याने पर्थ येथे लॉर्ड जॉर्ज मरे ह्याला भेटला आणि त्याचा ‘एड-डी-कँप’, म्हणजे सेनापतीच्या तैनातीतला अधिकारी झाला. ही नेमणूक पुढील सर्व लेखनाच्या दृष्टीने निर्णायक आहे. लॉर्ड जॉर्ज हा जॅकोबाईट सैन्यातील सर्वांत कुशल सेनानी. राजपुत्राशी त्याचे कधीच पटले नाही. जॉन्स्टनने युद्ध पाहिले ते ह्या माणसाच्या खांद्यामागून. २१ सप्टेंबर १७४५ रोजी प्रेस्टनपॅन्स येथे सरकारी सैन्याचा काही मिनिटांत धुव्वा उडाला. त्यानंतर जॉन्स्टनला ड्यूक ऑफ पर्थच्या पलटणीत कॅप्टनची जागा मिळाली.

त्याच्या कथनशक्तीची आणि तिच्या विश्वसनीयतेची कसोटी घ्यावयाची तर मँचेस्टरचा प्रसंग घ्यावा. जॉन्स्टनच्या तुकडीत डिक्सन नावाचा एक सार्जंट होता. हा प्रेस्टनपॅन्स येथे पकडला जाऊन जॅकोबाईट सैन्यात दाखल झालेल्या सरकारी शिपायांपैकी एक. नोव्हेंबरच्या अखेरीस सैन्य लँकेशरमधून दक्षिणेकडे सरकत असताना ह्या डिक्सनने पुढे जाऊन मँचेस्टरमध्ये भरती करण्याची परवानगी मागितली. जॉन्स्टनने ती नाकारली. तरी तो आपली रखेली व एक नगारेवाला ह्यांना घेऊन एक दिवस आधी शहरात जाऊन धडकला. जमाव अंगावर आला तेव्हा त्याने हातातील बंदूक सर्व बाजूंनी फिरवून लोकांना दूर ठेवले, काही नागरिक त्याच्या बाजूने उभे राहिले, आणि संध्याकाळपर्यंत सुमारे एकशे ऐंशी लोक भरती झाले. एक सार्जंट, एक नगारा आणि एक मुलगी ह्यांनी मँचेस्टर जिंकले, असा जॉन्स्टनच्या सांगण्याचा मथितार्थ. पहिल्या वाचनात ही निव्वळ छावणीतली गप्प वाटते. परंतु मँचेस्टरची रहिवासी एलिझाबेथ बायरम हिच्या तत्कालीन रोजनिशीत २८ नोव्हेंबरची नोंद आहे. हायलँडच्या पेहरावातले दोन पुरुष दुपारी शहरात आले, एकाच्या मागे घोड्यावर एक स्त्री होती आणि तिच्या मांडीवर नगारा होता, असे ती लिहिते. रोजनिशीची लेखिका व आत्मवृत्ताचा लेखक ह्यांचा परस्परांशी काही संबंध असण्याचे कारण नाही. दृश्य जुळते, मांडीवरच्या नगाऱ्यासह. जॉन्स्टनने दिलेला आकडा मात्र त्याचा एकट्याचा आहे आणि आकड्यांच्या बाबतीत कोणत्याही शिपायाइतकेच त्याचे ऐकावे. ह्या भरतीतून उभ्या राहिलेल्या मँचेस्टर पलटणीचा शेवट दुःखद झाला. माघारीत तिला कार्लाईलच्या किल्ल्यात मागे ठेवण्यात आले, ३० डिसेंबर १७४५ रोजी किल्ला पडला आणि तिचा प्रमुख फ्रान्सिस टाउनली व अनेक अधिकारी पुढच्या वर्षी फासावर गेले.

प्रसंग खरा, आकडा संशयास्पद. पण निर्णयांविषयी काय? जॉन्स्टनचे आत्मवृत्त इतिहासग्रंथांत वारंवार उद्धृत होते ते त्याच्या प्रसंगांपेक्षा त्याच्या निर्णयांमुळे. ५ डिसेंबर १७४५ रोजी डार्बी येथे, लंडनपासून सव्वाशे मैलांवर, सेनानींच्या मसलतीत परत फिरण्याचे ठरले. लॉर्ड जॉर्जचे म्हणणे असे की इंग्लंडमधून उठाव झाला नाही, फ्रान्सची मदत आली नाही, मागे वेडची फौज आहे, पुढे कंबरलंडची आहे आणि लंडनच्या वाटेवर तिसरी आहे. ही तिसरी फौज वस्तुतः नव्हतीच. डडली ब्रॅडस्ट्रीट नावाच्या सरकारी हेराने ती थाप मारली होती. राजपुत्राला पुढे जावयाचे होते आणि ह्या माघारीचा राग त्याने आमरण धरला. जॉन्स्टनचा कौल निःसंदिग्धपणे लॉर्ड जॉर्जच्या बाजूने आहे. त्याचे एक मत फार गाजले : राजपुत्र सबंध मोहीमभर झोपून राहिला असता आणि लॉर्ड जॉर्जला मोकळीक दिली असती, तर जागा होताच त्याला राजमुकुट आपल्या मस्तकावर आढळला असता. हे मत पुढच्या पिढ्यांनी इतक्या वेळा उचलले की ते जवळजवळ पुराव्याच्या पदवीला पोचले. वास्तविक ते तैनातीतल्या अधिकाऱ्याचे मत आहे. डार्बीहून पुढे गेल्यास काय घडले असते ह्याविषयी फ्रँक मॅक्लिनसारख्या विसाव्या शतकातील अभ्यासकांनी राजपुत्राच्या बाजूनेही बराच युक्तिवाद केला आहे.

१६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या माळावर सर्व संपले. आदल्या रात्री नेर्नच्या छावणीवर छापा घालण्याचा प्रयत्न फसल्याने उपाशी व जागरणाने खचलेले सुमारे साडेपाच हजार लोक कंबरलंडच्या तोफखान्यासमोर उभे होते. लढाई तासाभराच्या आत आटोपली. जॉन्स्टन आपल्या स्कॉटहाउस घराण्याच्या मॅक्डोनल्ड मित्राबरोबर धावून गेला होता. मित्र त्याच्या शेजारी पडला. ह्यानंतरचा पलायनाचा भाग ग्रंथातील सर्वोत्कृष्ट होय. सारे पळपुटे पश्चिमेच्या डोंगरांकडे वळले असता जॉन्स्टन दक्षिणेकडे, आपल्याच शहराकडे निघाला. कारण त्याला स्वप्न पडले की तो एडिंबरोत लेडी जेन डग्लस हिच्यासमोर उभा राहून आपल्या सुटकेची हकिकत सांगत आहे. स्वप्नावर भरवसा ठेवण्याची त्याला लाजही वाटते आणि तरीही तो ते लिहून ठेवतो, हे त्याच्या प्रामाणिकपणाचे चांगले लक्षण मानावे. टे नदीच्या मुखाशी नावाडी त्याला पार नेण्यास धजेनात, तेव्हा खानावळवाल्या बाईच्या दोन मुलींनी स्वतः वल्ही मारून त्याला पैलतीरी पोचविले. पुढे लेडी जेनने त्याला खरोखरच आपल्या घरी लपविले. फेरीवाल्याच्या वेषात तो लंडनला गेला आणि अखेर तिच्याच लवाजम्यातला नोकर म्हणून हॉलंडला निसटला. स्कॉटलंडमध्ये त्याच सुमारास शस्त्रबंदी व पेहरावबंदी ह्यांचे कायदे होत होते. कुळांच्या पुढाऱ्यांचे वंशपरंपरागत न्यायाधिकार १७४७ च्या कायद्याने काढून घेण्यात आले. जॉन्स्टन जे सोडून आला तो देश, परत जाता आले असते तरी, त्याला तसाच सापडला नसता.

फ्रान्समध्ये अशा निर्वासितांची वाण नव्हती. १७५० मध्ये जॉन्स्टनने नाइलाजाने नौदल खात्याच्या वसाहती पलटणींत नोकरी पत्करली. ती एन्साईनची, म्हणजे सर्वांत खालच्या अधिकाऱ्याची. कॅप्टन होऊन गेलेल्या तिशीतल्या माणसाला हे किती लागले असेल ते त्याने झाकून ठेवलेले नाही. त्याला अटलांटिकपार, केप ब्रेटन बेटावरील लुईबुर्गच्या किल्ल्यात पाठविण्यात आले. किल्ला २६ जुलै १७५८ रोजी ब्रिटिशांनी घेतला. जॉन्स्टन त्यांच्या हाती न लागता अकेडियामार्गे क्वेबेकला पोचला. तेथे तो प्रथम शेव्हालिए द लेव्ही ह्याच्या आणि लेव्ही माँट्रियलकडे गेल्यावर सरसेनापती मार्की द माँकाम ह्याच्या तैनातीत आला. चौदा वर्षांनंतर पुन्हा तोच हुद्दा, तीच जागा : सेनापतीच्या खांद्यामागची.

१३ सप्टेंबर १७५९ रोजी क्वेबेकसमोरील अब्राहमच्या पठारावर जी लढाई झाली तिच्यात कलोडनचे अवशेष दोन्ही बाजूंना विखुरलेले होते. ब्रिटिश सेनापती जेम्स वुल्फ हा तरुणपणी कलोडनवर जनरल हॉलीचा एड-डी-कँप होता, म्हणजे जॉन्स्टनच्याच कामावर, समोरच्या बाजूला. वुल्फच्या सैन्यातील हायलँडर पलटण उभी केली होती सायमन फ्रेझरने. ह्याचा बाप लॉर्ड लोव्हॅट १७४७ मध्ये जॅकोबाईट म्हणून शिरच्छेदाने मारला गेला होता, आणि हा स्वतःही बंडात सामील होऊन पुढे माफी मिळालेला. त्या पहाटे नदीतून होड्या सरकत असताना फ्रेंच पहारेकऱ्याने हटकले, तेव्हा त्याला फ्रेंचमध्ये उत्तर देऊन फसविणाराही एक हायलँडर अधिकारीच होता. भाषेच्या अभ्यासकाने येथे थोडे थांबावे. पिढ्यान्पिढ्या परदेशी सैन्यांत चाकरी करणाऱ्या स्कॉटिश समाजाला जी फ्रेंच अवगत झाली होती, ती जॉन्स्टनच्या हाती निर्वासिताची भाषा झाली आणि ह्या अधिकाऱ्याच्या तोंडी राजा जॉर्जच्या कामास आली.

लढाई अर्ध्या तासाच्या आत निकालात निघाली. वुल्फ रणांगणावर आणि माँकाम दुसऱ्या दिवशी पहाटे मरण पावला. जॉन्स्टनने रंगविलेले त्यानंतरचे दृश्य क्वेबेकच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. सेंट चार्ल्स नदीवरील तटबंदीत पळून आलेल्यांची गर्दी उसळली आहे. सैन्याचा मोठा भाग अजून पैलतीरी असताना काही अधिकारी होड्यांचा पूल तोडा म्हणून ओरडत आहेत. आणि आतल्या घरात गव्हर्नर व्होद्रोय व इंटेंडंट बिगो हे कागद पुढे घेऊन बसले आहेत, शहराचीच नव्हे तर सबंध वसाहतीची शरणागती लिहिण्यासाठी. जॉन्स्टन विरोध करतो. त्याला बाहेर काढले जाते. हे पान वाचताना ओळखीचे काहीतरी वाटते, आणि ते का वाटते ह्याचा शोध घेतला पाहिजे.

ओळखीचे वाटते, कारण हीच कथा आपण आधी एकदा वाचलेली असते. एक कर्तबगार सेनानी, त्याच्या डोक्यावर बसलेला अकुशल स्वामी, त्या स्वामीभोवतीचे खुशमस्करे, ऐन वेळी फसलेली मसलत, आणि हे सर्व मुकाट्याने पाहणारा तैनातीतला अधिकारी. लॉर्ड जॉर्ज व चार्ल्स ह्यांच्या जागी लेव्ही, माँकाम व व्होद्रोय ठेवले की आकृती जशीच्या तशी बसते. प्रत्यक्ष घटना इतक्या जुळ्या होत्या असे मानणे कठीण आहे. डब्ल्यू. जे. एक्ल्स ह्या कॅनडियन इतिहासकाराने बूगँव्हिलच्या तुकड्यांची वाट न पाहता घाईने हल्ला चढविल्याचा दोष माँकामवरच ठेवला आहे आणि व्होद्रोयची बाजू पुष्कळशी सावरली आहे. जॉन्स्टनच्या चित्रात ह्या दोषांपेक्षा गव्हर्नराची सावली मोठी आहे.

आज आपल्यापुढे असलेल्या हस्तलिखिताला त्याचे रूप जॉन्स्टनच्या निवृत्तीच्या काळात मिळाले. म्हणजे कलोडनची हकिकत सिद्ध झाली ती क्वेबेक पाहून आलेल्या माणसाच्या हातून. माझे अनुमान असे की राजपुत्राविषयीचा त्याचा कडवटपणा सर्वस्वी १७४६ चा नाही. त्यात १७५९ चा अंश मिसळलेला आहे. व्होद्रोयकडे पाहताना त्याला चार्ल्स आठवला, आणि पुढे चार्ल्सविषयी लिहिताना व्होद्रोय. मराठी वाचकाला हा आकृतिबंध अपरिचित नाही. माँट्रियलच्या शरणागतीनंतर चार महिन्यांनी झालेल्या पानिपतावरील ‘भाऊसाहेबांची बखर’ हीदेखील पराभवाचे बीज फसलेल्या मसलतीत शोधते. मात्र बखरकाराने एकाच पराभवाला आकार दिला. जॉन्स्टनच्या बाबतीत एका पराभवाने दुसऱ्याला आकार दिला आहे.

ह्याला भाषेने हातभार लावला. फ्रेंचमध्ये ‘मेम्वार’ हा शब्द स्त्रीलिंगी असता त्याचा अर्थ स्मृती असा होतो. तोच पुल्लिंगी एकवचनी असता त्याचा अर्थ सरकारदरबारी सादर केलेले निवेदन, टिपण, क्वचित देणेकऱ्याकडे पाठविलेला हिशेबही. आणि पुल्लिंगी बहुवचनी असता आत्मवृत्त. पेशवे दप्तर चाळलेल्या विद्यार्थ्याला हे चटकन उमजेल, कारण आपल्याकडेही ‘याद’ म्हणजे आठवण आणि ‘याद’ म्हणजे कारभाऱ्यापुढे ठेवावयाचे टिपण. जॉन्स्टनच्या लेखनात हे तिन्ही अर्थ एकमेकांत मिसळले आहेत. त्याला १७६२ मध्ये सेंट लुईचा क्रॉस मिळाला, पण निवृत्तिवेतन तुटपुंजे होते. आपली सेवा किती, आपले नुकसान किती, आपल्या सल्ल्याकडे झालेले दुर्लक्ष किती, ह्याचा हिशेब मांडणारा सूर हा आत्मवृत्तापेक्षा निवेदनाचा सूर आहे. इंग्रजीत लिहिले असते तर वाचणार कोण? त्याच्या देशात तो बंडखोर होता. ज्या दरबाराकडून काही मिळण्यासारखे होते तो फ्रेंच होता. आणि फ्रेंच दरबारापुढे चार्ल्सची चूक सिद्ध करणे सोपे होते. फ्रेंच मदत आली नाही ह्या गोष्टीवर तितका भर देणे सोयीचे नव्हते. त्याने खोटे लिहिले असा ह्याचा अर्थ नव्हे. समोर कोण बसले आहे हे पाहून माणूस कोणती गोष्ट आधी सांगतो, एवढाच हा प्रश्न आहे.

सर्वच निर्वासितांचे असे झाले नाही. अर्ल ऑफ क्रोमार्टीचा मुलगा लॉर्ड मॅक्लाउड हाही १७४५ चा बंडखोर. त्यानेही बंडाची हकिकत लिहिली आहे. माफी मिळाल्यावर तो स्वीडनच्या सैन्यात शिरला. पुढे मायदेशी परतून राजा जॉर्जसाठी त्याने हायलँडर पलटण उभी केली आणि १७८० मध्ये ती घेऊन तो मद्रासला उतरला. नाना फडणीस व हैदरअली ह्यांची इंग्रजांविरुद्ध युती झालेली होती ते हे वर्ष. मॅक्लाउडला परतण्यासाठी घराणे होते, जमीन परत मिळण्याची आशा होती. व्यापाऱ्याच्या मुलाजवळ कथनाखेरीज काही नव्हते.

क्वेबेकवरील लेखनापैकी एक भाग जॉन्स्टनने संवादाच्या रूपात लिहिला आहे. पाताळलोकात माँकाम व वुल्फ भेटतात आणि १७५९ च्या मोहिमेत परस्परांच्या सैन्यांनी केलेल्या चुकांची चर्चा करतात. मृतांचे संवाद हा प्रकार ल्यूशनपासून चालत आलेला. फेनलाँच्या हाती तो फ्रेंचमध्येही रुजला होता. साहित्यगुण बेताचे असले तरी ह्या कृतीत जॉन्स्टन प्रथमच तक्रारीच्या सुरातून बाहेर पडतो असे मला दिसते. दोन्ही सेनापती मेलेले असल्यामुळे आता कोणाला काही मागावयाचे नाही. शत्रूच्या तोंडी शहाणपण घालण्यास हरकत नाही. आणि चुका दोन्हीकडे होत्या हे मान्य करता येते.

हे सर्व एकत्र वाचण्याची सोय मात्र पुष्कळ दिवस नव्हती. १८२० च्या भाषांतराचा विषय बंड आणि त्यानंतरचे पलायन एवढाच होता. त्यामुळे स्कॉटलंडला जॉन्स्टन माहीत झाला तो कलोडनचा साक्षीदार म्हणून. कॅनडासंबंधीचे भाग व तो संवाद क्वेबेकच्या साहित्य व इतिहास मंडळाने छापले; तेथील अभ्यासकांना तो माहीत झाला तो माँकामचा एड-डी-कँप म्हणून. चार्ल्स विंचेस्टर ह्याने मूळ फ्रेंचवरून केलेले तीन खंडांचे नवे भाषांतर ॲबर्डीन येथे १८७०-७१ मध्ये निघाले, तेव्हा कोठे कलोडनच्या पानांपासून सेंट चार्ल्सच्या पुलापर्यंत एकाच लेखकाच्या मागून जाणे इंग्रजी वाचकाला शक्य झाले. तोपर्यंत राजपुत्राच्या झोपेविषयीचे ते मत पन्नास वर्षे लोकांच्या तोंडी खेळत होते.